शिशुगृहातून घरी: दत्तक मुलाचे पहिले तीस दिवस

दत्तक मूल घरी येतं त्या दिवशी बहुतेक घरांत एकच चित्र दिसतं. दारात औक्षण, आत वीस-पंचवीस माणसं, टेबलावर केक, मूल या मांडीवरून त्या मांडीवर, आणि संध्याकाळी नवे कपडे घालून देवदर्शन. मूल एकदाही रडत नाही, म्हणून सगळे खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी तेच मूल खाणं थुंकायला लागतं, रात्री दोन-दोन तास जागं राहतं, आईला जवळ येऊ देत नाही, आणि घर घाबरून जातं.

यात प्रेम कुठेच कमी पडलेलं नसतं, क्रम उलटा झालेला असतो. दुसऱ्या महिन्यात करायच्या गोष्टी पहिल्या दिवशी उरकल्या जातात आणि पहिल्या दिवशीच्या राहून जातात. हा लेख त्या क्रमासाठी आहे. साधारण एक ते चार वर्षांचं, शिशुगृहात वाढलेलं आणि ‘कारा’च्या (दत्तक प्रक्रिया चालवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या) प्रक्रियेतून दत्तकपूर्व संगोपनासाठी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश येण्याआधीच, तुमच्याकडे आलेलं मूल डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पुढच्या सगळ्या सूचना एकाच नियमातून निघतात: पहिले तीन-चार आठवडे माणसं कमी, जागा कमी, बदल कमी; आणि भरवणं, आंघोळ, शी-शू, झोपवणं फक्त आईबाबांच्या हातून. शिशुगृहात सांभाळणाऱ्या मावश्या पाळीनुसार बदलतात. सकाळी भरवणारे हात वेगळे, रात्री पांघरूण घालणारे वेगळे. त्यामुळे जो हात पुढे येईल तो धरायचा, हे मूल शिकलेलं असतं. घरीही आजी, काकू, शेजारीण, कामाच्या ताई असे सगळेच भरवू लागले, तर मुलाच्या दृष्टीने ते आणखी एक शिशुगृहच असतं, फक्त खेळणी जास्त. भूक लागली, दुखलं, भीती वाटली की हीच दोन माणसं येतात, हे त्याला शेकडो वेळा अनुभवायला मिळालं पाहिजे.

## टप्पा १: मूल आणण्याआधी, शिशुगृहातच

बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल तुमच्याकडे असतो. त्यात वजन, आजार, लसी सापडतात. मूल कुठल्या कुशीवर झोपतं ते त्यात नसतं. ते रात्रपाळीच्या मावशींना माहीत असतं. म्हणून दिवसाच्या आणि रात्रीच्या, दोन्ही पाळ्यांच्या मावश्यांशी बोलायची वेळ मागून घ्या. विचारायच्या गोष्टी वहीत लिहून न्या:

- दूध: गाईचं, म्हशीचं की पावडरचं? पाणी किती, साखर किती? बाटलीतून, ग्लासातून की वाटी-चमच्याने? कोमट की चांगलं गरम?
- जेवण: किती वाजता, किती पातळ, कशात कालवून? हाताने खातं की भरवावं लागतं? काय दिलं की तोंड फिरवतं?
- झोप: पाळणा, कॉट की जमिनीवर गादी? थोपटून, मांडीवर की आपलं आपण? खोलीत दिवा असतो का?
- शी-शू: ठरलेल्या वेळी बसवतात का? मूल सांगतं का, आणि कुठल्या शब्दाने?
- भीती: पुरुष, कुत्रं, अंधार, डोक्यावरून पाणी, इंजेक्शन.
- रडू लागलं तर नक्की काय केल्याने थांबतं?
- मावशींना काय हाक मारतं? काही शिशुगृहांत मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला ‘आई’ म्हणतात.

उत्तरं ऐकून थांबू नका. एक जेवण, एक आंघोळ आणि एक झोपवणं स्वतः बसून बघा. ‘थोडी साखर घालतो’ म्हणजे चमचाभर की तीन चमचे, ते बघितल्यावरच कळतं. मावशींचा आवाज, त्यांचं गाणं, हाक मारायची लकब फोनवर रेकॉर्ड करून घ्या. व्हिडिओ घेणार असाल तर परवानगी घेऊन घ्या, आणि दुसरं एकही मूल चौकटीत येऊ देऊ नका.

घरी नेण्याआधी दोन-तीन भेटी झाल्या तर उत्तम. पहिल्या भेटीत आठ-दहा फोटोंचा जाड पुठ्ठ्याचा अल्बम देऊन या: आईचा चेहरा, बाबांचा चेहरा, घराचं दार, झोपायची जागा. मावशींना तो रोज दाखवायला सांगा. आईचा वापरलेला सुती दुपट्टा किंवा बाबांचा टी-शर्ट मुलाच्या अंथरुणात ठेवून यायला सांगता आलं तर तेही करा. एवढ्या लहान वयात चेहऱ्याबरोबर वासही ओळखीचा होतो.

निघताना मुलाच्या वापरातली एक चादर, एक कपड्यांचा जोड आणि रोजचा पेला मागून घ्या. बदल्यात शिशुगृहाला नवं सामान द्या. ही चादर धुऊ नका. घरी येऊन पहिली धुलाई हिचीच होते, आणि मुलाजवळची ओळखीची एकमेव गोष्ट साबणाच्या पाण्यात जाते.

दत्तक प्रक्रिया देशभर चालते, त्यामुळे मराठी घरात कन्नड, ओडिया किंवा हिंदी ऐकत वाढलेलं मूल येऊ शकतं. अशा वेळी पंधरा-वीस शब्द पाठ करून जा: पाणी, दूध, जेवण, शू, दुखतं, नको, ये, झोप. कर्नाटकातलं मूल पाण्याला ‘नीरु’, दुधाला ‘हालु’ आणि जेवणाला ‘ऊटा’ म्हणेल. ते ‘बेडा’ म्हणालं तर ‘नको’ म्हणतंय. हा एक शब्द कळला नाही म्हणून नको असलेला घास पुन्हापुन्हा तोंडात कोंबला जातो. पहिल्या महिन्यात त्याचे शब्द तुम्ही बोला. मराठी ते आपोआप उचलेल.

निघण्याआधी तपासा: दत्तकपूर्व संगोपनाच्या कागदांची प्रत, दोन्ही अहवाल, लसीकरणाची मूळ नोंद, चालू औषधं व त्यांचं प्रमाण, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ती तारीख, आणि सामाजिक कार्यकर्त्यांचा फोन नंबर. दवाखान्यात ‘पालक कोण?’ असा प्रश्न आला की हेच कागद दाखवायचे असतात.

## टप्पा २: घर आणि घरातली माणसं

घराची तयारी लोक दोन महिने करतात, माणसांची अजिबात करत नाहीत. उलट करा. भिंतीवरची कार्टून, खेळण्यांचं कपाट, छोटा तंबू यातलं काहीही पहिल्या महिन्यात लागत नाही. खूप रंग आणि खूप वस्तू दिसल्या की मूल एकातही रमत नाही, एकामागून एक फेकत राहतं. तीन-चार खेळणी पुरेत: चेंडू, डबे-वाट्या, एक मऊ बाहुली, एक चित्रांचं पुस्तक. बाकी खोक्यात बंद.

मुलाचा वावर पहिला आठवडा दोनच खोल्यांत ठेवा. मिक्सर, कुकरची शिट्टी, दाराची बेल, फ्लशचा आवाज हे त्याने जवळून ऐकलेलं नसण्याची शक्यता असते, कारण शिशुगृहाचं स्वयंपाकघर लांब असतं. पहिले तीन दिवस वाटण आधीच करून ठेवा, बेल बंद करा. फिनेल, औषधं, नाणी, बटण-सेल उंचावर न्या आणि गॅलरीच्या जाळ्या तपासा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला धोका ठाऊक असेल असं धरू नका. गॅस, जिना, गरम चहाचा कप यांच्याशी त्याचा संबंध कधी आलेला नसतो.

रजा दोघांनीही काढा, बाबांनी किमान पंधरा दिवस. आईच्या रजेचे नियम मुलाच्या वयावर आणि नोकरीवर अवलंबून असतात. केंद्र सरकारी सेवेत एक वर्षाखालील मूल दत्तक घेतल्यास १८० दिवसांची रजा आहे, पण मोठ्या मुलासाठी अनेक ठिकाणी तशी सोय नाही. आपल्या कार्यालयाचं उत्तर लेखी घ्या, आणि ते मूल येण्याआधी घ्या.

नातेवाइकांना तोंडी सांगून उपयोग होत नाही. ऐनवेळी ‘पाच मिनिटं बघून जातो’ सुरू होतं. घरच्या ग्रुपवर आधीच असं काही लिहा:

*“आम्ही बाळाला घेऊन येतोय. पहिले तीन आठवडे तिच्याजवळ फक्त आम्ही दोघं असू. तिला आई-बाबा कोण हे कळायला हा वेळ लागतो. तुम्ही भेटायला याल तेव्हा आम्हीच बोलावू. तोवर डबा पाठवलात तर फार मदत होईल.”*

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. प्रेम करणाऱ्या माणसाला ‘येऊ नका’ एवढंच सांगितलं तर राग येतो, काम दिलं तर तो मदतीला उभा राहतो. एकत्र कुटुंबात आजी-आजोबा घरातच असतील तर त्यांना कामं वाटून द्या: स्वयंपाक, बाजार, कपडे, दार उघडणं. मुलाशी हसणं, बोलणं, शेजारी बसून खेळणं चालेल. भरवणं आणि झोपवणं तेवढं नाही. हे आजीला कठीण जातं, म्हणून तारीख घालून सांगा: ‘आई, अमुक तारखेपासून दुपारचा वरणभात तुम्हीच भरवायचा.’

आणि दोन वाक्यांवर घरात पूर्ण बंदी घाला. ‘नशीब काढलं हो पोरीनं’ हे एक, आणि ‘त्रास दिलास तर परत नेऊन सोडीन’ हे दुसरं. दुसरं वाक्य थट्टेतही नको. या मुलाने खरोखरच एकदा सगळं गमावलेलं आहे.

## टप्पा ३: घरी येण्याचा दिवस

शक्यतो सकाळी निघा, म्हणजे अंधार पडण्याआधी घर दिसेल. निरोप लपवू नका. मूल झोपलेलं असताना उचलून गाडीत ठेवलं तर ते अनोळखी ठिकाणी जागं होतं, आणि पुढचे कित्येक दिवस झोपायला घाबरतं. मावशींनी स्वतःच्या हाताने मूल आईच्या कडेवर द्यावं, ‘आईबरोबर घरी जा’ असं त्याच्या भाषेत सांगावं आणि हात हलवावा. मूल रडेल. रडू द्या, जवळ घ्या, खाऊ दाखवून गप्प करू नका.

गाडीत मूल पहिल्यांदाच बसत असेल, तर मळमळ आणि उलटी धरूनच चला. निघायच्या तासभर आधी हलकं खाणं द्या, दूध नको. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा. हाताशी कपड्यांचे तीन जोड, दोन टॉवेल, प्लास्टिकच्या पिशव्या, पाणी आणि शिशुगृहातलीच बिस्किटं ठेवा. मुलांची सीट घेतली असेल तर आदल्या दिवशी उभ्या गाडीत दहा मिनिटं बसवून बघा. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं धोक्याचं आहे. आठ-दहा तासांचा प्रवास असेल तर रेल्वे बरी पडते, मुलाला हलता येतं.

वाटेत कुणाकडेही थांबू नका. मामाचं घर, कुलदैवत, हॉटेलातलं जेवण, सगळं नंतर.

दारात एका माणसाने ओवाळलं, बास. ताटातली ज्योत चेहऱ्याजवळ आणू नका. आत आल्यावर मुलाला कडेवरूनच घर दाखवा: पाणी इथे, शू इथे, झोप इथे. अल्बममधला दाराचा फोटो आणि खरं दार शेजारीशेजारी दाखवा. मग जमिनीवर बसा आणि त्याला हवं तेवढा वेळ तुमच्या मांडीवरून बघू द्या.

## टप्पा ४: पहिले तीन दिवस

दिनक्रम शिशुगृहाचाच ठेवा. तिथे सकाळी सहाला दूध आणि अकराला जेवण असेल, तर घरीही तसंच. तुमच्या घरचं दीडचं जेवण या मुलाला दोन-अडीच तास उपाशी ठेवतं, आणि भूक आपोआप भागते यावर त्याचा अजून विश्वास नसतो.

बाबांसाठी वेगळी सूचना. शिशुगृहात बहुतेक सगळ्या बायका असतात, त्यामुळे दाढी, जाड आवाज आणि उंची यांची अनेक मुलांना भीती वाटते. मूल बाबांना बघून किंचाळलं तर मन छोटं करू नका. जमिनीवर बसा, थेट डोळ्यांत न बघता थोडं तिरपं बसा, चेंडू त्याच्या दिशेने लोळवा आणि वाट बघा. उचलायला हात पुढे करू नका. दुधाचा पेला मात्र बाबांच्या हातून जाऊ द्या. आधी आईच्या मांडीवर बसून, बाबांनी धरलेला. दोन-चार दिवसांत अंतर कमी होतं.

आंघोळ पहिल्या दिवशी नकोच, ओल्या कपड्याने पुसा. दुसऱ्या दिवशी छोट्या टबात किंवा बादलीतून तांब्याने, आधी पायांवर पाणी घालून. शॉवर नको. डोक्यावरून पाण्याला घाबरत असेल तर आठवडाभर केस ओल्या कपड्यानेच. जावळ, कान टोचणं, नवी केशरचना यातलं काहीही पहिल्या महिन्यात नको.

नाव हाही असाच बदल आहे. दीड वर्षापुढचं मूल आपल्या नावाला वळून बघतं, त्याच्याजवळची ती पहिली मालमत्ता. आम्ही तर म्हणू की जुनं नाव जमल्यास ठेवाच. बदलायचंच असेल तर पहिले दोन आठवडे जुनं, पुढचे काही आठवडे दोन्ही जोडून, आणि मग नवं. मात्र दत्तक आदेशाच्या अर्जात कोणतं नाव जाणार हे आधी ठरवा. आदेशात जे नाव जाईल तेच जन्मदाखल्यावर येतं, म्हणून अक्षर न् अक्षर तपासून द्या.

## टप्पा ५: खाणं

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला आठवडा चव बदलू नका. शिशुगृहात पातळ खिचडी असेल तर पातळ खिचडीच: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाच-सहा वाट्या पाणी, हळद, किंचित मीठ. वरून अर्धा चमचा तूप तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. नवा पदार्थ दोन दिवसांतून एकच आणि दोन चमचेच. पहिल्याच दिवशी बदाम, केळं, अंडं, नाचणी, पनीर सगळं सुरू केलं की पोट बिघडतं, आणि कशाने बिघडलं तेही कळत नाही.

दूध हळूहळू बदला. दोन दिवस तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, पुढचे दोन दिवस निम्मं-निम्मं, मग उलट. साखर दर तीन दिवसांनी थोडी कमी करा. दिवसाचं दूध ५०० मिलीच्या आतच ठेवा. ‘अंगी लागू दे’ म्हणून लिटरभर दूध पाजलं की जेवण सुटतं आणि शरीरातलं लोह कमी पडतं.

खूप खाणारं मूल. काही मुलं थांबतच नाहीत, उलटी होईपर्यंत खातात. ताट हिसकावू नका आणि ‘बास आता’ म्हणून ओरडू नका. आधी अर्धं वाढा आणि उरलेलं अर्धं समोरच्या भांड्यात दिसेल असं ठेवा. संपलं की त्यातून द्या. अजून आहे हे दिसलं की घास सावकाश होतात.

लपवून ठेवणारं मूल. उशीखाली पोळीचा तुकडा सापडेल, किंवा झोपेतही घट्ट मिटलेल्या मुठीत अर्धं बिस्कीट. मूठ उघडून काढून घेऊ नका. ती चोरी नाही, उद्याची तरतूद आहे. झाकण सहज उघडेल असा एक छोटा डबा त्याच्या हाती लागेल अशा जागी ठेवा, त्यात कुरमुरे किंवा बिस्किटं घाला आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका. पहिले काही दिवस डबा तासातासाला रिकामा होईल. नंतर मूल तो फक्त उघडून बघेल आणि बंद करेल.

तोंडात धरून बसणारं मूल. घट्ट किंवा चावायचं खाणं त्याला कधी मिळालेलंच नसतं, चघळायची सवय नसते. पातळापासून घट्टाकडे जायला तीन-चार आठवडे लागतात. घास कोंबला की ठसका लागायचा धोका असतो. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, चण्याचे दाणे चार वर्षांखाली देऊच नका.

जुलाब झाले तर: ओआरएसच्या पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. मोठी पुडी एक लिटरची असते. ग्लासभर पाण्यात ती अर्धी टाकू नका, मीठ जास्त होतं. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. शीत रक्त, सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल झालेलं, यातलं एक जरी दिसलं तर लगेच डॉक्टर.

## टप्पा ६: झोप

मुलाला वेगळ्या खोलीत झोपवू नका. तुमच्या पलंगाला लागून जमिनीवर गादी घाला आणि एकाने त्याच्या शेजारी झोपा. मंद दिवा रात्रभर चालू. शिशुगृहात आजूबाजूला दहा-बारा मुलांचा श्वास, खोकला, कुरबुर ऐकत ते झोपलेलं असतं, त्यामुळे अगदी शांत खोलीच त्याला भीतीदायक वाटते. पंख्याचा आवाज, मावशींचं रेकॉर्ड केलेलं गाणं किंवा तुमचं हळू गुणगुणणं चालू राहू द्या. न धुतलेली चादर इथे कामाला येते.

रात्री स्वतःहून तपासा. अनेक मुलं जागी झाली तरी रडत नाहीत. रडून कुणी येतंच असं नाही, हे ती शिकलेली असतात. दोन वाजता तुम्ही बघाल तर मूल डोळे उघडे ठेवून गप्प पडलेलं असेल. शांत मूल म्हणून परत झोपू नका. हात ठेवा आणि ‘आई इथेच आहे’ एवढंच रोज त्याच शब्दांत म्हणा. काही आठवड्यांनी ते रात्री तुम्हाला हाक मारून रडू लागलं, तर घरचे म्हणतील झोप बिघडली. ती सुधारणा आहे. ‘रडू दे, आपोआप झोपेल’ हा प्रयोग या मुलांवर करायचाच नाही.

काही मुलं झोपताना पुढे-मागे डोलतात किंवा उशीवर डोकं आपटतात. हात धरून थांबवू नका. मांडीवर घ्या आणि त्याच लयीत तुम्ही डोला, मग लय हळू करत न्या. डोक्याला मार लागत असेल किंवा दिवसाही तासन्‌तास चालत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ७: डॉक्टर

तातडीचं काही नसेल तर तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. गर्दी नसलेली वेळ आधी ठरवून घ्या, आणि जमल्यास पहिल्या भेटीत सुई नको. ती पुढच्या आठवड्यात टोचली तरी बिघडत नाही. मूल तपासताना तुमच्याच मांडीवर राहील, हे सांगून ठेवा.

- लसी: लेखी नोंद नाही ती लस झालेली नाही असं धरूनच डॉक्टर राहिलेल्या लसींचं वेळापत्रक करतात. ‘दिली असेल’ यावर जाऊ नका.
- रक्त: हिमोग्लोबिन, थायरॉईड, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांचे जुने अहवाल दाखवा आणि काय पुन्हा करायचं ते विचारा. १८ महिन्यांआधी एचआयव्हीची अँटीबॉडी तपासणी आईकडून आलेल्या अँटीबॉडीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. मूल विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल तर सिकल सेलची तपासणी आवर्जून.
- जंत: औषध एक ते दोन वर्षांना निम्मं, म्हणजे २०० मिग्रॅ अल्बेंडाझोल, आणि दोन वर्षांपुढे ४०० मिग्रॅ असतं. शिशुगृहात नुकतंच दिलं असेल तर लगेच पुन्हा नको, म्हणून ती तारीख हवी.
- कान आणि डोळे: हाकेला ओ न देणारं मूल हट्टी ठरवण्याआधी कान तपासा.
- खरूज: बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, पोटावर पुरळ आणि रात्री वाढणारी खाज. मलम डॉक्टर सांगतील तसं, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर फिरून येते. बाकी कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवा. ती ओळखीची चादर मात्र न धुता प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून सात दिवस ठेवा. किडा त्वचेशिवाय दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, आणि चादरीचा वास टिकतो.

सोडून दिलेल्या मुलाची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असू शकते. त्यामुळे ‘दोन वर्षांचं आहे, मग बोलत का नाही?’ हा हिशोब काटेकोर लावू नका. वजन आणि उंची पहिल्या दिवशी नोंदवा, मग दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर. नोंदीत वाढ दिसते आहे ना, ते महत्त्वाचं.

## टप्पा ८: माणसं वाढवण्याचा क्रम

1. पहिला आठवडा: फक्त आईबाबा, आणि घरातच राहणारी माणसं. डॉक्टरांची भेट सोडली तर बाहेर जाणं म्हणजे गॅलरी किंवा जिन्यापर्यंत.
2. दुसरा-तिसरा आठवडा: रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने पंधरा मिनिटांचा फेरफटका. एका वेळी एकच पाहुणा, अर्धा तास, मूल तुमच्या मांडीवर. पाहुण्याने उचलायचं नाही, पापा घ्यायचा नाही, खाऊ तुमच्या हातात द्यायचा.
3. चौथा आठवडा: आजी-आजोबांच्या हातून एक जेवण, तुम्ही शेजारी बसलेले असताना.
4. दीड-दोन महिन्यांनंतर: बारसं, नामकरण, घरगुती समारंभ. दुपारी, झोप झाल्यावर, दोन तासांत संपणारा. डीजे नको.
5. पाळणाघर: जमेल तितकं उशिरा. पुष्कळ मुलं आणि बदलणाऱ्या ताई बघून मूल परत शिशुगृहात आल्यासारखं वागू शकतं. सुरू करताना पहिला आठवडा तुम्ही तिथे बसून राहा.

घरात आधीचं मूल असेल तर रोज वीस मिनिटं त्याची एकट्याची ठेवा, आणि त्याची लाडकी खेळणी न विचारता वाटून टाकू नका.

फोटो: मुलाचा चेहरा सोशल मीडियावर टाकू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. आदेश आल्यावरही, त्याची गोष्ट जगाला सांगायची की नाही हे मोठं झाल्यावर त्यालाच ठरवू द्या. घरात मात्र ‘दत्तक’ हा शब्द पहिल्या दिवसापासून सहज वापरा, म्हणजे पुढे एका दिवशी बसवून सांगायची वेळ येत नाही.

## चुकीची वाचली जाणारी लक्षणं

‘किती शहाणं, रडतच नाही’: पहिल्या आठवड्यातली शांतता बहुतेक वेळा धक्क्याची असते. दोन ते सहा आठवड्यांत हट्ट, चावणं, फेकणं सुरू झालं की ‘लाडाने बिघडलं’ असा शेरा येतो. खरं तर आता राग दाखवायची हिंमत आलेली असते. मूल चावलं तर हात धरून ‘चावायचं नाही’ एवढंच म्हणा आणि जवळच बसा. खोलीत कोंडणं, एकटं बसवणं, बागुलबुवाची भीती, मार, काहीही नको.

‘सगळ्यांकडे जातं, बुजत नाही’: अनोळखी माणसाच्या कडेवर बिनदिक्कत जाणं हे अजून कुणीच खास नसल्याचं लक्षण आहे. हसून मूल परत घ्या आणि म्हणा, ‘उचलून आईबाबाच घेतात.’ हळूहळू ते अनोळखी माणूस दिसला की तुमच्या पायामागे लपू लागेल.

‘माझ्याकडे येतच नाही’: मूल एकालाच चिकटतं आणि दुसऱ्याला ढकलतं. अशा वेळी मूल ज्याला चिकटतं त्याने घराबाहेर पडू नये, फक्त दूध आणि रात्रीची गोष्ट दुसऱ्यावर सोपवावी.

आणि आईबाबांसाठी: प्रेम पहिल्याच आठवड्यात उसळून आलं नाही, मूल परकं वाटलं, म्हणून लाज वाटून घेऊ नका. अनेकांना वेळ लागतो. पण सलग दोन आठवडे झोप नाही, रडू येतंय, मुलाजवळ जावंसंच वाटत नाही, असं झालं तर बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं. संस्थेच्या सामाजिक कार्यकर्त्यांनाही कळवा. ‘मूल काढून घेतील’ या भीतीने लोक गप्प बसतात आणि प्रश्न वाढत जातो. मदत करणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

## कागद आणि वही

मूल तुमच्याकडे असतानाच दत्तक आदेशाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे चालू असतो. तो दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. आदेश हातात आल्यावर मुलाचं नाव आणि जन्मतारीख अर्जाशी, आणि आईवडिलांची नावं त्यांच्या आधार कार्डाशी ताडून बघा. चूक असेल तर जन्मदाखला निघण्याआधीच दुरुस्ती मागा. आरोग्य विम्यात मुलाचं नाव घालायला कोणता कागद लागतो, ते विमा कंपनीला आधीच विचारून ठेवा.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्त्यांची पाठपुराव्याची भेट होते. त्यासाठी पहिल्या दिवसापासून साध्या वहीत रोज चार ओळी लिहा: किती खाल्लं, किती झोपलं, कशाने घाबरलं, रडून कुणाकडे वळलं. भेटीत ही वही समोर ठेवा. ‘सगळं छान चाललंय’ म्हणून दहा मिनिटांत चहा देऊन उठवू नका. जे जमत नाहीये, ते सगळ्यात आधी सांगा.